संतरामची आरोळी

साधनाला सासऱ्याशी काही बोलायचं असलं की मध्ये राजी लागायची. "राजी, आजोबाला म्हणावं चहा झाला." "राजी, आजोबाला विचार, मोटर बंद करायची का." सासरा हाताच्या अंतरावर बसलेला असायचा, त्याला शब्द न् शब्द ऐकू जायचा. तरी पाच वर्षांची राजी त्याच्या कानाशी जाऊन तोच निरोप पुन्हा सांगायची, आणि संतराम उत्तरही तिलाच द्यायचा. राजी बोलायला लागण्याआधी हे काम सासू, आशाबाई करायची. यात राग नव्हता, भांडण नव्हतं. साखऱ्यात त्यांच्या भावकीत सुनेने सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्याशी तोंड वर करून बोलायचं नाही आणि सणावाराला पायाला लागतो तेवढा सोडला तर त्याला हात लावायचा नाही, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की आपण काही पाळतोय असंही कुणाला वाटत नसे.

त्या रविवारी पिकअपमध्येही तसंच होतं. संतराम पुढे, लेकाशेजारी. मागे हौद्यात सतरंजी टाकून साधना, आशाबाई आणि राजी. साधनाचा नवरा विकास एरवी हा पिकअप वसमतच्या बाजारात हळद पोचवायला चालवायचा. हौद्याच्या फटीफटीत हळदीची पूड बसलेली होती आणि राजीचा पिवळा फ्रॉक मागून आणखी पिवळा झाला होता.

एक दिवसही वावर सोडून यायला संतराम तयार नव्हता. संक्रांत नुकतीच झाली होती, हरभऱ्यात घाटे भरत होते आणि रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप रोज वावरात उतरत होता. संतराम रोज रात्री जागलीला जायचा. मचाणावर उभा राहून, दोन्ही तळवे तोंडाला लावून तो आरोळी ठोकायचा ती ओढ्यापलीकडच्या वस्तीत ऐकू जायची. पंचक्रोशीत तशी आरोळी कुणाची नव्हती. शेजारचे लोक आपापल्या मचाणावर पडून राहायचे आणि संतरामचा आवाज आला की त्याला आपला आवाज जोडायचे. रोही एकदा उधळली की त्या रात्री परत येत नसत. पण राजीने सिद्धेश्वर धरणाकडच्या उद्यानाचं नाव घेऊन जेवण सोडलं, तेव्हा म्हाताऱ्याने मान तुकवली.

उद्यान धरणाच्या अलीकडच्या माळावर होतं. फाटकावर बर्फाने झाकलेले डोंगर रंगवले होते. आत खेळण्याच्या जागेतही सिमेंटचा एक पांढराशुभ्र डोंगर उभा केला होता. त्याच्या माथ्यावर उतरत्या छपराची लाकडी खोली, आणि खोलीच्या दारातून खाली येणारी घसरगुंडी.

"हे काय म्हणायचं रे विकास?" आशाबाईने विचारलं.

"बर्फाचा डोंगर हाय, आई. परदेशातला."

"मला वाटलं चुन्याची भट्टी."

डोंगराच्या मागे उंच तारेची जाळी होती आणि जाळीआड माळाचा मोठा तुकडा. विहिरीत पडलेली, रस्त्यावर जखमी सापडलेली जनावरं तिथे आणून ठेवली होती. आता ती धडधाकट झाली होती, त्यांना पिल्लंही झाली होती. आशाबाईने जाळीला नाक लावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं माय, रोही! रोही बघायला तिकीट काढलं व्हय? घरी फुकट येऊन राहिले की रोज!"

"आन् खाऊन राहिले काय ते बघ," संतराम म्हणाला. "लसूणघास. आपल्या बैलाला मिळंना."

"बाबा, हितं आरोळी मारू नका," विकास हसत म्हणाला. "तिकिटाचे पैसे वाया जातील."

संतराम हसला नाही. गव्हाणीशी उभ्या असलेल्या निळसर-करड्या नराकडे तो बघत होता. अंगाने बैलाएवढा, मानेखाली केसांचा झुपका, आखूड टोकदार शिंगं. थंडीचे दिवस नरांच्या माजाचे असतात. तो मधूनच मान ताठ करून, शेपूट उचलून माद्यांमागे चालत होता. "ह्यो वंगाळ दिसतो," एवढंच संतराम म्हणाला आणि लिंबाच्या झाडाखाली सतरंजीवर जाऊन बसला.

राजी घसरगुंडीवर होती. खाली आली की डोंगराला वळसा घालून मागच्या पायऱ्यांनी वर, वरून पुन्हा खाली. साधना पायऱ्यांपाशी उभी होती. तेवढ्यात आशाबाईने हाक मारली. जेवणवेळ टळत होती आणि सासरा भाकरीची वाट बघत बसला होता. "लेकरं हायेत की संगं. जाती कुठं?" आशाबाई म्हणाली. साधनाने डबे सोडले, भाकऱ्या वाढल्या, कांदा फोडला. पहिला घास सासऱ्याच्या हातात गेल्यावर तिने मान वर केली.

घसरगुंडीवरून एक मुलगा आला. दुसरा आला. मग दोन वेण्यांची एक मुलगी आली. मग पुन्हा पहिला मुलगा.

साधना उठली. पायऱ्यांवर राजी नव्हती. लाकडी खोलीत नव्हती. साधना डोंगराच्या मागे गेली. तिथे जाळीच्या बुडाशी पावसाचं पाणी काढून द्यायला केलेली सिमेंटची नाली होती. नालीच्या तोंडाला गज लावले होते. त्यातला एक गंजून तुटला होता आणि तिथे लेकरू आत जाईल एवढी फट पडली होती. मोठं माणूस गेलं नसतं.

फटीपाशी ओल्या मातीत छोट्या चपलेचे ठसे होते. साधनाने जाळीतून वर बघितलं. चढावर एक बाभूळ होती आणि बाभळीखाली पिवळा फ्रॉक.

"राजी!"

राजीने वळून पाहिलं. तिचं तोंड खुललेलं होतं. "आई, वासरू!" ती तिथूनच म्हणाली. तिच्यापासून थोड्या अंतरावर रोह्याचं तांबूस पिल्लू उभं होतं. गोठ्यातल्या वासरांमागे वाढलेलं पोरगं ते. वासरू दिसलं की त्याच्या कपाळाला खाजवायला जायचं, एवढंच त्याला ठाऊक.

पिल्लामागे त्याची आई आली. तिच्यामागे आणखी दोन माद्या. आणि त्यांच्या मागून, मान ताठ करून, तो नर.

साधनाची किंकाळी ऐकून संतराम भाकरीचा तुकडा हातात घेऊनच धावत आला. त्याने बाभूळ पाहिली, फ्रॉक पाहिला, नर पाहिला. पुढचं त्याच्या अंगाने आपोआप केलं. दोन्ही तळवे तोंडाशी गेले, छाती फुगली आणि आरोळी निघाली.

"हाऽऽ रं हाऽऽ! हुर्रर्र हाऽऽ!"

कळप उधळला. नर जागच्या जागी वळला आणि माद्यांच्या पुढे वरच्या अंगाला धावत सुटला. राजी बाभळीखाली एकटी उरली. क्षणभर साधनाला वाटलं, सुटलं लेकरू.

वावरात आरोळी झाली की रोही ओढ्याकडे पळतं, माळाकडे पळतं, जिकडे मोकळं दिसेल तिकडे पळतं. इथे मोकळं कुठेच नव्हतं. कळप वरच्या जाळीवर जाऊन आदळला, खांब हादरले, तारा वाजल्या आणि कळप तसाच जाळीच्या कडेने वळून खाली आला. नालीवरून, सिमेंटच्या डोंगरामागून, बाभळीला लागून. धुळीत पिवळा फ्रॉक दिसेनासा झाला. धूळ खाली बसली तेव्हा राजी बाभळीच्या बुंध्याला दोन्ही हातांनी मिठी मारून उभी होती.

"आलं! परत आलं!" संतराम ओरडला आणि त्याने दुसरी आरोळी ठोकली.

तोवर माणसं जमली होती. सगळी आजूबाजूच्या गावांची, तांड्यांवरची. कुणाच्या वावरात हरभरा होता, कुणाच्या गहू. प्रत्येकाने थंडीत जागल केलेली होती, आणि अशा वेळी काय करायचं हे कुणालाही सांगावं लागत नव्हतं. संतरामची आरोळी निघाली की तिला पंचवीस-तीस आवाज जोडले जात. कुणी जेवणाच्या डब्यावर झाकण बडवत होतं, कुणी ताट. पाथरडच्या, कळमनुरीच्या, कुठल्या कुठल्या बायका पदर खोचून जाळीला आल्या होत्या आणि हुर्र हुर्र करत होत्या. देविदास नावाचा चौकीदार, जवळच्या तांड्यावरचा तरुण पोरगा, जिवाच्या आकांताने शिट्टी फुंकत होता.

"दार कुठं हाय?" विकासने त्याची गचांडी धरली.

"वरल्या अंगाला. चावी हाफिसात हाय."

"चल!"

दोघं धावत गेले.

कळप दुसऱ्यांदा फिरून आला. या खेपेला एक मादी वळणावर घसरली, पडली, उठली, पुन्हा धावली. नर जाळीच्या इतक्या जवळून गेला की साधनाच्या तोंडावर त्याच्या खुरांची माती उडाली. त्याच्या तोंडाला फेस आला होता. राजीने एकदा बाभूळ सोडून नालीकडे पाहिलं. तिला आईकडे यायचं होतं. मधल्या मोकळ्या जागेतूनच कळप जात होता. ती निघाली आणि नेमका तेव्हा कळप आला, तर.

साधना जाळीला धरून उभी होती आणि तिला एक गोष्ट दिसत होती. लोक श्वास घ्यायला थांबले की कळपाची धाव कमी होत होती. वरच्या कोपऱ्यात माद्या थबकत होत्या, मान वळवून बघत होत्या. मग संतरामची आरोळी उठायची आणि ते सगळं पुन्हा खाली यायचं.

"गप बसा!" ती ओरडली. "वरडू नका! गप बसा!"

कुणी ऐकलं नाही. लेकराची आई ओरडते आहे, ती ओरडणारच. तिला धीर यावा म्हणून लोक आणखी मोठ्याने ओरडू लागले. तिने शेजारच्या एका माणसाचा हात धरला. त्याच्या हातात ताट होतं.

"दादा, वाजवू नका!"

"ताई, तुमी बिलकूल घाबरू नका," तो म्हणाला. "हाकलतो आमी." आणि त्याने ताट बडवलं.

तिने वळून पाहिलं. सगळे संतरामच्या मागे होते. तो उभा होता जाळीजवळच्या एका दगडावर, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आधी त्याची आरोळी, मग सगळ्यांची. त्याला थांबवलं तर थांबतील. सवयीने साधनाची नजर खाली गेली, निरोप द्यायला राजी कुठे आहे ते बघायला.

"मामा," ती म्हणाली.

ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही. संतरामने तळवे उचलले, छाती भरून घेतली.

साधना दगडावर चढली. तिने एक हात त्याच्या मानेमागे घातला आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्या तोंडावर दाबून धरला.

आरोळी तिच्या तळव्यात फुटली. धक्क्याने तिची बांगडी पिचली, काच त्याच्या ओठात घुसली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आणि खांद्यावरून खाली गेला. सासरा-सून नाकासमोर नाक आणून उभे होते.

जवळच्यांनी पाहिलं आणि त्यांचे आवाज घशात अडकले. त्यांच्या मागच्यांना कळेना, पुढचे का थांबले, म्हणून ते बघायला वळले, आणि त्यांनीही पाहिलं. डब्यावरचं झाकण वाजायचं थांबलं. ताटवाल्याचा हात वर उचललेला होता तो तसाच राहिला. यातल्या बऱ्याच जणांनी बांधावरून कुऱ्हाडी निघालेल्या पाहिल्या होत्या, भावाने भावाचं डोकं फोडलेलं पाहिलं होतं. सुनेने भर लोकांत सासऱ्याचं तोंड दाबलेलं कुणीच पाहिलं नव्हतं. आशाबाई ऊर बडवत होती, तिचा हात छातीवरच थिजला.

"मामा, गप," साधना त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "त्यांना पळायला वाट न्हाई. तुमी वरडले की ते फिरून तिच्याच अंगावर येऊन राहिले."

तळव्याखाली त्याचा जबडा घट्ट झालेला तिला कळत होता. चाळीस वर्षं औत धरलेला माणूस, त्याने नुसता खांदा हलवला असता तरी ती खाली पडली असती. त्याची नजर तिच्यावरून जाळीकडे गेली, वरच्या कोपऱ्याकडे. तिथे कळप थबकला होता. नाकातून एक लांब श्वास सुटला, तिच्या बोटांवर गरम लागला.

तिने हात काढला. संतराम ओरडला नाही. तो लोकांकडे वळला आणि दोन्ही पंजे जमिनीकडे दाबत, बसा, अशी खूण केली. त्याच्या हनुवटीवरून रक्ताचा ओघळ चालला होता. लोक बसले. बायकांनी लेकरांची तोंडं पदरात धरली.

मग इतकी शांतता झाली की धरणाच्या कालव्याचं पाणी ऐकू येऊ लागलं.

वरच्या कोपऱ्यात माद्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या, त्यांच्या बरगड्या वरखाली होत होत्या. नर मात्र वर गेला नव्हता. तो बाभूळ आणि नाली यांच्यामध्ये उभा होता. त्याने मान खाली घातली, शिंगं पुढे केली, फुरफुरला. कुणावर जायचं ते त्याला कळत नसावं. समोर जाळीआड माणसंच माणसं बसली होती आणि एकही हलत नव्हतं.

साधना पोटावर झोपून नालीत गजांपर्यंत सरकली. खांद्यापर्यंत हात गजांमधून आत घातला आणि राजीला दिसेल असा पंजा उभा धरला. थांब.

राजी थांबली. ती रडायला लागली असती तर काय, हा विचार साधनाने पुढे जाऊ दिला नाही.

तेवढ्यात वरच्या अंगाचं दार उघडलं. विकास आत शिरत होता, हातात दांडकं, मागे देविदास. त्या दोघांनी पाऊल टाकलं की कळप सरळ खाली येणार होता, आणि त्यांना ओरडून सांगायची सोय नव्हती. साधनाला नालीतून मागचं दिसत नव्हतं. तिला दिसला तो विकास, आणि विकास थांबला. त्याने दांडकं खाली ठेवलं, दार अर्धवट लोटलं आणि देविदासची कॉलर धरून त्याला खाली बसवलं. नंतर तिला कळलं की संतरामने डोक्याचा पटका सोडून हवेत आडवा धरला होता. वावरात बैलजोडी थांबवायची ती खूण. विकासला लहानपणापासून ठाऊक होती.

आणि मग एक मोबाईल वाजला.

लग्नाच्या मिरवणुकीत वाजतं तसलं दणदणीत गाणं. गर्दीत बसलेला वसमतचा एक पोरगा सगळे खिसे चाचपत होता आणि त्याला खिसा सापडत नव्हता. नराने मान झटक्यात वर केली. संतराम दोन ढांगांत पोरापाशी पोचला, त्याच्या खिशातून फोन ओढून काढला आणि शेजारी बसलेल्या बाईच्या पाण्याच्या कळशीत बुडवला. गाणं गुळगुळ करत विझलं. पोराने तोंड उघडलं, म्हाताऱ्याच्या रक्ताळलेल्या हनुवटीकडे पाहिलं आणि मिटलं. बाईने कळशीकडे पाहिलं आणि तीही काही बोलली नाही.

नर बाभळीकडे निघाला होता. एक पाऊल, मग थांबायचा, मग आणखी एक. राजी बुंध्यामागे सरकली. बुंधा तिच्याहून थोडाच रुंद होता. नराने मान लांब केली आणि फ्रॉक हुंगला. राजीने डोळे घट्ट मिटले. साधनाचा उभा पंजा तसाच होता, तो थरथरू नये म्हणून तिने गजाला कोपर टेकवलं होतं. कोपराला गंज रुतत होता.

वर तांबड्या पिल्लाने बें केलं. आईपासून तुटून ते कळपाच्या दुसऱ्या बाजूला गेलं होतं. एक मादी वळली, मग सगळ्या वळल्या आणि सावकाश पलीकडच्या गव्हाणीकडे चालू लागल्या. नराने कान टवकारले. राजीकडे एकदा फुरफुरून तो वळला आणि माद्यांमागे गेला, मागे बघत बघत.

साधनाने पंजा आडवा केला, खाली दाबला. हळू. मग बोटं वळवली. ये.

राजी निघाली. धावली नाही. चढावरून खाली, एकेक पाऊल. अर्ध्या वाटेवर तिची एक चप्पल निघाली. ती थांबली. वाकली. चप्पल उचलली, खाली ठेवली आणि पाय घालून मागचा पट्टा लावायला खाली बसली. जाळीमागे एका बाईने स्वतःचा दंड चावला. आशाबाईचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. पट्टा लागेना. राजीने तो सोडून दिला, चप्पल हातात घेतली आणि चालू लागली.

ती नालीशी आली, वाकली, आणि साधनाच्या हातात तिचं मनगट आलं. साधनाने ओढलं. फ्रॉक तुटक्या गजात अडकून फाटला, राजीच्या पाठीवर ओरखडा उठला, पण ती बाहेर आली. डोक्यापासून पायापर्यंत सगळी.

अजूनही कुणी बोलत नव्हतं. माणसं तशीच बसून होती.

"आई," राजी कुजबुजली, "सगळे काहून गप हायेत?"

मग मात्र आशाबाईने हंबरडा फोडला. तिने नातीला ओढून छातीशी धरलं, पाठीत एक धपाटा घातला, पुन्हा छातीशी धरलं. "वासराला जाती व्हय गं! वासराला! घरी काय वासरं मेली व्हती का?" लोक उठले. कुणी पाणी आणलं, कुणी हळद. ताटवाला माणूस ताटाकडे बघत उभा होता, ते पार चेपलं होतं. वरून विकास धापा टाकत आला. त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, मग बायकोच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं, आणि मग बापाच्या ओठाकडे. काय झालं ते त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

सांगायला माणसं होती. कळशीवाली रुख्मिणीबाई शेजारणीला म्हणत होती, "लेकरू वाचलं ते बेस झालं माय. पण सासऱ्याच्या तोंडाला हात! आता ह्या घरात ती नांदंल कशी?" हे तिने हळू म्हटलं होतं, पण माणसं अजून शांतच होती आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

साधनाने पदर डोक्यावर घेतला. नालीच्या कडेला बसून ती स्वतःचा तळवा बघत होती. त्यावर रक्त होतं, आणि ते तिचं नव्हतं.

संतराम कुठे गेला ते तिने पाहिलं नव्हतं. दगड पडल्याचा आवाज आला तेव्हा तिने मान वर केली. सासरा तिच्यापासून हातभर अंतरावर वाकून नालीच्या फटीत दगड बसवत होता. बाजूला बांधकामातून उरलेल्या दगडांचा ढीग होता, तिथून त्याने आणला होता.

"बाबा, ओ बाबा," देविदास पळत आला. "असं करता येत न्हाई. सायबाला विचारावं लागंल. माझी नोकरी जाईल."

"विचार ना," संतराम म्हणाला. बोलताना ओठ पुन्हा फाटला. "तुझ्या सायबाला फोन कर, बराबर विचार. तवर आमी बुजवतो."

"पाणी तुंबंल."

"पाऊस जूनला हाय. लेकरं आज हायेत."

शिट्टी खिशात घालून देविदास साहेबाला फोन करायला गेला.

संतरामने दुसरा दगड आणला, तो बसेना, फिरवून बघितला. विकास पुढे झाला. "बाबा, सरका, मी करतो." संतरामने त्याला कोपराने बाजूला केलं.

"मामा," साधना म्हणाली. या वेळी ते ऐकू आलं. "चुकलं माझं. मला दुसरं काही सुचलं न्हाई."

आशाबाई रडायची थांबली. तिकडे रुख्मिणीबाईने कळशी खाली ठेवली. राजी आजीच्या कडेवरून आईकडे, मग आजोबाकडे बघत होती, आपल्याला कुणी काही सांगायला लावतंय का म्हणून.

संतराम उकिडवा बसला होता. त्याने पटक्याच्या टोकाने हनुवटी पुसली आणि सुनेकडे सरळ पाहिलं.

"तीन डाव कळप तिच्या अंगावर घातला मी," तो म्हणाला. "माझ्या तोंडानं. हात ठिवायचाच व्हता तर जरा आधी ठिवायचा व्हता, बाई."

तो उत्तरासाठी थांबला नाही. त्याने फटीकडे बघून हात मागे केला, पंजा उघडा.

"दे," तो म्हणाला. "हे बारीक नको. मोठा बघून दे."

ती उठून ढिगाकडे गेली. तिने एक दगड उचलला, तो जड होता, पोटाशी धरून आणला आणि त्याच्या हातात दिला.